माणसाच्या पलीकडे म्हणजे नक्की कुठल्या बाजूला?

गेले दोन महिने माझ्या वहीत चाळीसेक शब्दांची एक यादी आहे, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे कोरियन, आणि ती पहिल्याच शब्दावर अडून बसली होती. शब्द होता ट्रान्सह्युमॅनिझम. मी पुण्यात सहा वर्षं कोरियन शिकतेय, आमच्या बाई मूळच्या दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या, त्यांना आम्ही सॉनसेंगनिम म्हणतो, आपण शाळेत नुसतं 'बाई' म्हणायचो ना नाव न घेता, अगदी तसंच. तर त्यांना विचारलं की याला कोरियनमध्ये चांगला शब्द कुठला, तर त्या म्हणाल्या, "आधी हे सांग, तुझ्या माणसाला वर जायचंय, बाहेर पडायचंय, का नंतर यायचंय?" तेव्हा मला प्रश्नच नीट कळला नव्हता. आता कळलाय, आणि हा सगळा विषय समजून घ्यायला मला तरी यापेक्षा चांगली वाट सापडलेली नाही, म्हणून लिहून काढतेय.

आधी मूळ कल्पना काय ते बघू. ज्युलियन हक्सली नावाचे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ होते, युनेस्कोचे पहिले महासंचालक, त्यांनी १९५७ मध्ये एका निबंधाला हे नाव दिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की अख्खी माणूसजात स्वतःला ओलांडू शकते, पण ओलांडून झाल्यावरही माणूसच राहायचं. पुढे १९९० मध्ये मॅक्स मोर या तत्त्वज्ञाने त्याला आजचा अर्थ दिला आणि १९९८ मध्ये निक बॉस्ट्रॉम आणि डेव्हिड पीअर्स यांनी यासाठी एक जागतिक संघटना काढली. आजचा अर्थ असा की म्हातारपण, आजार, बुद्धीची मर्यादा, अगदी मरणसुद्धा, हे सगळं 'चालायचंच' म्हणून सोडून द्यायचं नाही, विज्ञान वापरून हटवायचं. जीन्समध्ये दुरुस्ती, मेंदूत चिप, आयुष्य कितीतरी पटीने लांबवणं, मेंदूतला सगळा ऐवज कॉम्प्युटरवर चढवणं, हे सगळं त्यात आलं. या वाटेवर चालणारा तो ट्रान्सह्युमन, आणि चालत चालत इतका बदलला की त्याला माणूस म्हणणंच अवघड झालं तो पोस्टह्युमन.

आणि हे शब्दांत पकडणं अवघड आहे हे काही आजचं दुखणं नाही. १४व्या शतकाच्या सुरुवातीला इटालियन कवी दांते स्वर्गाचं वर्णन करताना 'माणसापलीकडे जाणं' यासाठी स्वतःच एक क्रियापद घडवतो, त्रासुमानार, आणि त्याच ओळींत सांगून टाकतो की हे शब्दांनी सांगता येणार नाही. म्हणजे शब्द पहिल्यांदा बनला तेव्हाच बनवणाऱ्याने हात टेकले होते.

आता कोरियन. तिथे नवी कल्पना आली की तिच्यासाठी तीन वाटा असतात. एक, परका शब्द जसा ऐकू येतो तसा हांगुल लिपीत लिहून टाकायचा. दुसरी, मूळ चिनी अक्षरांपासून आलेले तुकडे जोडून शब्द घडवायचा. आपल्याकडे संस्कृतचं जे काम तेच तिथे या तुकड्यांचं, वजनदार शब्द हवा की त्यांच्याकडे जायचं. आणि तिसरी, अस्सल देशी शब्द. तिसरी वाट अगदीच बंद नाही बरं का, इंटरनेटवर वावरणाऱ्या माणसासाठी 'नेटिझन' चालू होता, तर २००४ मध्ये सरकारी भाषा संस्थेच्या पुढाकाराने नुरिक्कुन असा शब्द निवडला गेला, नुरी म्हणजे जग आणि क्कुन म्हणजे एखादी गोष्ट नेहमी करणारा, आणि तो शब्द पेपरांमध्ये खरंच रुळला. आपला भ्रमणध्वनी बिचारा सरकारी पत्रकातच राहिला आणि सगळे मोबाईलच म्हणत राहिले, त्यामुळे मला या नुरिक्कुनचं फार कौतुक वाटतं.

पण ट्रान्सह्युमॅनिझमच्या बाबतीत देशी वाटेने कुणी फारसं गेलेलं दिसत नाही. बहुतेक ठिकाणी पहिलीच वाट दिसते, थुरेनसुह्यूमॉनिजुम, हांगुलमध्ये सात ठोकळे, म्हणजे सात अक्षरं. वाचता येतं सगळ्यांना, पण वाचून कळत काही नाही.

मग दुसरी वाट. इथे बाईंचा प्रश्न आला. 'ट्रान्स'साठी हाताशी येणारा पहिला तुकडा म्हणजे छो. ओलांडणे, वर झेप घेणे असा त्याचा मूळ अर्थ. त्यातून छो-इनगान-जुई असा शब्द होतो, इनगान म्हणजे माणूस, जुई म्हणजे वाद. कागदावर छान दिसतो. पण हा छो रोजच्या वापरात झिजून गेलाय. सुपरफास्ट इंटरनेटला छो, हवेतल्या अतिसूक्ष्म धुळीला छो, आणि ज्या समाजात पासष्टीच्या वरचे लोक २० टक्क्यांच्या पुढे गेले त्यालाही छो, दक्षिण कोरिया २०२४ च्या डिसेंबरात तिथे पोचला आणि तेव्हा पेपरांत हाच छो होता. म्हणजे त्याचा अर्थ आता 'पलीकडे' राहिला नाही, 'खूप खूप' झाला. आपल्या 'अति'चं हेच झालंय बघा, अतिमानव म्हणताना डोक्यात काहीतरी उदात्त असतं पण त्याच 'अति'ची अतिवृष्टी होते आणि 'अति झालं' म्हणून आपण भांडतोही.

शिवाय छोइन म्हटलं की कोरियन माणसाच्या डोळ्यांसमोर अफाट ताकदीचा कुणीतरी येतो. नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाच्या 'वरच्या माणसा'साठी तिथे वर्षानुवर्षं छोइन हाच शब्द होता, पण नंतरच्या समग्र भाषांतरात तो बाजूला ठेवून जर्मन शब्दच उच्चारासकट घेतला गेला, कारण नीत्शेला ताकदवान हिरो म्हणायचं नव्हतं. आणि एक बारीकशी गोष्ट, दाराच्या बेलला कोरियनमध्ये छोइनजोंग म्हणतात. तिथला छो वेगळा, 'बोलावणे' या अर्थाचा, म्हणजे माणसाला बोलावणारी घंटा. चिनी अक्षरं लिहिली असती तर दोन छो वेगळे दिसले असते, पण आता सगळं हांगुलमध्येच लिहितात, आणि हांगुल उच्चार लिहिते, त्यामुळे दोन्ही छो हुबेहूब सारखे. एकाच आवाजात सेकंद आहे, मेणबत्ती आहे, व्हिनेगर आहे.

अजून एक गुंता आहे जो इंग्रजीत लपून राहतो. ट्रान्सह्युमॅनिझम हा शब्द फोडायचा कुठे? ट्रान्सह्युमन अधिक वाद, का ट्रान्स अधिक मानवतावाद? पहिल्यात आपण माणसाला ओलांडतोय, दुसऱ्यात मानवतावाद नावाच्या विचाराला ओलांडतोय. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात मावतात आणि कुणी विचारत नाही. कोरियनमध्ये तुकडे जोडायला बसलं की ठरवावंच लागतं. आणि दुसरं ठरवलं तर पुढचा प्रश्न तयार, कुठला मानवतावाद? कारण त्याला कोरियनमध्ये तीन शब्द आहेत. माणूस केंद्रात ठेवणारा तो इनबोनजुई. युरोपातल्या प्रबोधनकाळातला, ग्रंथ आणि विद्या यांच्यावर उभा असलेला तो इनमुनजुई. आणि दुःखितांना मदत करणारा तो इनदोजुई. या इनदोवर मी वर्गात अडखळले होते, कारण कोरियनमध्ये भारतालाही इनदोच म्हणतात, रस्त्याच्या कडेच्या फुटपाथलाही इनदो, आणि माणसाने चालायचा धर्माचा रस्ता तोही इनदो.

आता दुसरी दिशा, बाहेर. त्यासाठीचा तुकडा थाल. सुटणे, निसटणे, काढून टाकणे. वसाहतवादानंतरच्या विचाराला कोरियन अभ्यासक हाच थाल लावतात, त्यामुळे पोस्टह्युमनलाही थाल-इनगान म्हणावं असं वाटणं साहजिक आहे. पण थाल कुठे कुठे आहे बघा. उत्तर कोरियातून जीव मुठीत धरून पळून आलेला माणूस, थालबुकजा. केस गळणं, थालमो. आणि बौद्ध धर्मातला मोक्ष, विमुक्ती, त्याला हेथाल, त्यातला थाल हाच! मला हे कळलं तेव्हा मी वही मिटून जरा वेळ नुसती बसले होते. आपल्याकडून निघालेली कल्पना चिनी अक्षरांत शिरून कोरियात पोचली आणि तिथे तिचा एक तुकडा आता मशीन-माणसाच्या चर्चेत वापरला जातोय. असे प्रवासी शब्द तिथे बरेच आहेत, आपला 'क्षण' कोरियनमध्ये छाल्ला झाला, बोधिसत्त्वाचा बोसाल झाला.

पण हा थाल घेतला की अर्थाची दिशाच बदलते. छो म्हणतो माणूसपण ही पायरी आहे, तिच्यावरून वर उडी मार. थाल म्हणतो माणूसपण हा तुरुंग आहे किंवा कात आहे, त्यातून सुट. हक्सली काय म्हणत होते ते आठवा, ओलांडायचं पण माणूसच राहायचं, मग त्यांना थाल लावून कसं चालेल? उलट, माणूसच सगळ्या जगाच्या केंद्रात आहे हा आपला जुना माज सोडा, प्राणी, झाडं, यंत्रं यांच्याबरोबर स्वतःला बघा, असं म्हणणारा जो पोस्टह्युमॅनिझम आहे (तो वेगळाच विचार आहे, नावं जवळची म्हणून लोक दोन्ही एकच समजतात) त्याला थाल अगदी चपखल बसतो, कारण तिथे खरंच केंद्रातून बाहेर पडायचंय. तिसरा तुकडा हू, म्हणजे 'नंतरचा', तो फारसा चालत नाही, आणि मला तो आवडतही नाही, त्यात माणूस संपल्याचा वास येतो.

आता उपसर्ग बाजूला ठेवू, कारण मला वाटतं खरी अडचण त्या उपसर्गात नाहीच, ती 'इनगान'मध्ये आहे.

इनगान हा दोन अक्षरांचा शब्द, पहिल्याचा अर्थ माणूस, दुसऱ्याचा 'मधली जागा'. जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ एकटा माणूस असा नव्हताच, माणसांचं जग, आपण मनुष्यलोक म्हणतो ना, तो होता. देशी शब्द आहे साराम, 'साल्दा' म्हणजे जगणे याच्याशी नातं सांगणारा, जगतो तो साराम. दोन्हींचा अर्थ माणूसच, पण वजन वेगळं. नवऱ्यावर वैतागलेली बायको त्याला 'इ इनगाना!' म्हणते, शब्दशः 'ए माणसा!', आणि त्यात जो वैताग असतो तो आपल्या 'या माणसापुढे हात टेकले' मधला. तिथे साराम म्हणून चालत नाही.

आणि कोरियनमध्ये माणूस 'व्हावं' लागतं. मुलगा उनाडक्या करत असेल तर घरातले म्हणतात, मॉनजॉ सारामी द्वेऑरा, आधी माणूस हो. सुधारला की म्हणतात, साराम झाला. हे आपल्याला समजावून सांगायलाच नको, 'आधी माणूस हो' हे मराठी घरांतही रोज ऐकू येतं आणि आजारातून उठून, आंघोळ करून बसलेल्याला आपण 'आत्ता माणसात आलास' म्हणतो. पण कोरियात ही गोष्ट थेट देशाच्या जन्मकथेत आहे. १३व्या शतकात इर्यॉन नावाच्या भिक्खूने लिहिलेल्या ग्रंथात ती येते. एक अस्वल आणि एक वाघ एकाच गुहेत राहायचे आणि स्वर्गातून उतरलेल्या ह्वानुंगकडे रोज मागायचे, आम्हाला माणूस कर. त्याने स्सुकची जुडी दिली, ही आपल्या दवण्याच्या कुळातली कडू वनस्पती, आणि लसणाच्या वीस पाकळ्या दिल्या, आणि सांगितलं की हे खाऊन शंभर दिवस उजेड बघू नका. वाघाला दम निघाला नाही, तो पळाला. अस्वल थांबलं आणि एकविसाव्या दिवशी बाई झाली. तिचा मुलगा दानगुन, त्याने पहिलं राज्य स्थापलं असं मानतात, आणि ३ ऑक्टोबरला त्याची राष्ट्रीय सुट्टी असते.

म्हणजे बघा, जिथे पहिली गोष्टच 'माणूस होण्याची' आहे, अंधारात बसून, कडू खाऊन, सहन करून, तिथे तुम्ही जाऊन सांगताय की माणसाच्या पलीकडे चला. ऐकणारा विचारणारच ना, की अलीकडून इथवर तरी पोचलोय का? त्यात आणखी, तिथे एखाद्याला 'तू माणूस नाहीस' म्हणणं ही शिवी आहे. ट्रान्सह्युमनचं भाषांतर जराही चुकलं तर ते कौतुकाऐवजी त्या शिवीच्या शेजारी जाऊन बसतं.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर २०१६ चा मार्च आठवा. सोलच्या एका हॉटेलात ली सेदोल हा गो या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी खेळायच्या खेळातला दिग्गज अल्फागो नावाच्या प्रोग्रामशी खेळला आणि पाचपैकी चार डाव हरला. तिसरा डाव हरल्यावर, म्हणजे मालिका हातातून गेल्यावर, तो पत्रकारांना म्हणाला की आज ली सेदोल हरलाय, माणूस हरलेला नाही. त्याने शब्द वापरला तो इनगान. आणि दुसऱ्या दिवशी चौथ्या डावात त्याने ७८वी खेळी अशी केली की अल्फागोची गणितं कोसळली आणि तो डाव तो जिंकला. त्या खेळीला कोरियात नाव पडलं शिने हान सू, देवाची खेळी. मशीनसमोर बसलेल्या माणसाने केलेली खेळी, आणि तिला नाव देवाचं. त्या आठवड्यात 'माणसापलीकडे' हा विषय तिथल्या घराघरात पोचला, आणि तो ट्रान्सह्युमॅनिझम हा शब्द न वापरता पोचला.

यादीतले बाकीचे शब्द मी या नजरेने परत बघायला लागले. सिंग्युलॅरिटी, म्हणजे मशीनची बुद्धी माणसाच्या पुढे जाऊन मग काय होईल हे सांगताच येणार नाही असा क्षण. गणितातून आलेला कोरियन शब्द आहे थुगीजॉम. त्यातला पहिला भाग रोजच्या भाषेत 'जरा विचित्र, वेगळं' या अर्थाने चालतो, त्यामुळे नेटवरच्या पोरांनी तो उचलला आणि काहीही हद्दीबाहेर विचित्र दिसलं, एखादं कॉमिक, एखादा पदार्थ, की 'याचा थुगीजॉम आला' असं म्हणायला लागले. मला हे बिघडणं वाटत नाही. शब्द लोकांच्या तोंडात गेला, हे चांगलंच झालं.

माणसाची क्षमता वाढवणं, इंग्रजीतलं एन्हान्समेंट, याला तीन शब्द स्पर्धेत आहेत. ह्यांगसांग हा शाळेतल्या मार्कांच्या सुधारणेचा सभ्य शब्द. जुंगगांग हा ऑगमेंटेड रिॲलिटीमधला. आणि गांगह्वा, बळकट करणे, जो प्रत्येक कोरियन गेमर दिवसातून दहा वेळा वापरतो कारण गेममधली तलवार अपग्रेड करायला तोच शब्द आहे. आणि तिथल्या कितीतरी गेममध्ये गांगह्वा फसलं तर तलवार तुटते, असलेलीही जाते. माझं मत गांगह्वाला. मेंदूत काहीतरी बसवून घेणाऱ्याला हा धोका शब्दातच ऐकू आला पाहिजे.

मरणानंतर शरीर गोठवून ठेवणं, द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर, अमेरिकेत १९६७ पासून चालू आहे. त्यासाठी रूढ कोरियन शब्द आहे नेंगदोंग-इनगान, गोठवलेला माणूस. दुकानाच्या फ्रीझरमध्ये जे मोमोसारखे मान्दू मिळतात त्यांच्या पाकिटावर हेच नेंगदोंग लिहिलेलं असतं. ज्यांना हा विषय गंभीरपणे मांडायचाय ते 'मानवी शरीराचं शीत-जतन' असा लांब शब्द वापरतात, पण लोक फ्रीझरवालाच वापरतात.

मेंदूतला ऐवज कॉम्प्युटरवर चढवणं, याला कुणी 'माइंड' तसाच ठेवतं, कुणी माउम लिहितं. माउम म्हणजे आपलं मन, अगदी तंतोतंत, माउम दुखतं, माउम बसतं, माउम एखाद्यावर जातं. बाईंना मी विचारलं, माउम अपलोड म्हटलं तर कसं वाटतं? त्यांनी काही न बोलता तळहात छातीवर ठेवला. मग म्हणाल्या, "हे वर डोक्यात नसतं ना." मी मराठीत विचार केला तर मलाही 'मेंदू अपलोड' पटतं आणि 'मन अपलोड' म्हणताना हात तिथेच जातो. आणि हे वाक्य मराठीत ज्याला खटकेल त्याला हा वाद निम्मा कळला.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो आयुष्य लांबवण्यावर. सरळ तुकडे जोडले तर यॉनम्यॉंग होतो, यॉन म्हणजे लांबवणे, म्यॉंग म्हणजे आयुष्य. नेमका, छोटा, व्याकरणात बसणारा. मी तो लिहिलासुद्धा. बाईंनी वही बघितली आणि लगेच म्हणाल्या, हा नको. कारण यॉनम्यॉंग म्हणजे तिथे आयसीयू. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरवर, नळ्यांवर आयुष्य ओढत नेणं. असले उपचार नाकारायचा हक्क देणारा कायदा दक्षिण कोरियात फेब्रुवारी २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या नावातच हा शब्द आहे. २०२३ पर्यंत २० लाखांहून जास्त लोकांनी आधीच सही करून ठेवली होती की माझं यॉनम्यॉंग करू नका. बाईंच्या आईंनीही देगूमध्ये केलीये, ऐंशी पार केलेल्या आहेत, आरोग्य केंद्रात एकट्या जाऊन सही करून आल्या आणि मग लेकीला फोन केला.

यातून मला एक गोष्ट पक्की पटली. त्या आजींना शब्द कळला होता, म्हणून त्या 'नको' म्हणू शकल्या. सात ठोकळ्यांच्या थुरेनसुह्यूमॉनिजुमला त्या हो म्हणणार कशा आणि नको म्हणणार कशा? चळवळीचं नाव परकं राहिलं तर राहू दे, ते अभ्यासकांचं आपसातलं काम आहे. पण जे शब्द थेट कुणाच्या शरीराला, मेंदूला, म्हातारपणाला हात घालतात ते स्वयंपाकघरात बोलता आले पाहिजेत, मग त्यांना फ्रीझरचा वास येवो की गेमचा. निर्णय ज्याच्या शरीराचा, शब्दही त्याच्या तोंडचा हवा, हे मराठीलाही तितकंच लागू आहे, आणि आपल्याकडे तर हे शब्द घडवायला अजून कुणी नीट बसलेलंही नाही.

यादीच्या पहिल्या ओळीत मी शेवटी थुरेनसुह्यूमॉनिजुमच लिहिलं आणि त्याखाली मराठीत एवढंच, 'वर जाणं, बाहेर पडणं नव्हे'. आयुष्य लांबवण्यासमोर यॉनम्यॉंग खोडून सुम्यॉंग यॉनजांग लिहिलं, आयुर्मानाची मुदतवाढ, शब्द लांब आहे पण त्यात नळ्या दिसत नाहीत. मन अपलोडपुढे माउम पेन्सिलने लिहिलंय.